पैजेचा आकडा पानांइतकाच बोलतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पोकरच्या स्पर्धांवरचा लेख वाचला. हा खेळ नुसत्या नशिबाचा नाही हे लेखकाने ठासून सांगितलं, त्याबद्दल मनापासून आभार. पण चांगली पानं आली की मोठी पैज लावावी आणि बाकी वेळी समोरच्याचा चेहरा वाचावा, हा त्यातला सल्ला मला फार खटकला. मी अकरा वर्षं या स्पर्धा खेळते आहे. त्यातली पहिली तीन वर्षं मी अशीच खेळले आणि हरत राहिले, म्हणून हे पत्र.

त्या काळातला एक डाव अजून आठवतो. ब्लाइंड (पानं वाटायच्या आधी दोघांनी सक्तीने लावायच्या लहान आणि मोठ्या पैजा) ५०० आणि १,०००, वर १,००० अँटी, म्हणजे आणखी एक सक्तीची भर. म्हणजे कुणी काही लावायच्या आधीच मध्ये २,५०० चिप्स पडलेल्या. माझ्यापुढे ४०,००० होत्या. राण्यांची जोडी आली आणि कुणी डावात राहूच नये म्हणून मी ५,००० लावले. सगळ्यांनी पानं टाकली. शेजारी बसलेले एक वयस्क खेळाडू हळूच म्हणाले, "ताई, साध्या पानांवर तुम्ही बावीसशे लावता आणि मोठ्या जोडीवर पाच हजार. मला तुमची पानं बघावीच लागत नाहीत." बोलण्यात खोच नव्हती, तरी त्या रात्री मला झोप आली नाही. तासन्‌तास मी चेहऱ्यावरची रेषा हलू देत नव्हते आणि इकडे माझी पैजच सगळं सांगून टाकत होती.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले. माझी सगळी नोकरी हिशेब लिहिण्यात गेली, तरी हा हिशेब तोवर कधी मांडला नव्हता. पानं अगदीच टाकाऊ आहेत असं धरा. ५,००० लावून मधले २,५०० उचलायचे, तर तीनपैकी दोनदा सगळ्यांनी पानं टाकली पाहिजेत, तेव्हा कुठे बरोबरी होते. २,२०० लावले तर निम्म्याहून थोड्या कमी वेळा टाकली तरी भागतं. आणि राण्या असताना तर ५,००० लावून मी नेमक्या त्याच माणसांना पळवून लावत होते, ज्यांच्याकडून मला चिप्स मिळाल्या असत्या. पूर्वी मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट रेझ करायची, म्हणजे पैज तिथवर वाढवायची सर्रास पद्धत होती. आता जाणते खेळाडू बहुधा दुपटीपासून अडीचपटीपर्यंतच जातात. मीही त्या दिवसापासून कोणत्या जागेवर बसले आहे आणि चिप्स किती आहेत, एवढंच बघून आकडा ठरवते. राण्या असोत की सत्ती-अठ्ठी, आकडा तोच.

फ्लॉपनंतरचा, म्हणजे सगळ्यांसाठीची पहिली तीन पानं टेबलावर उघडल्यानंतरचा भाग याहून अवघड, आणि माझ्या मते खरा खेळ तिथेच आहे. एकदा पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या चिप्समध्ये) ६,००० होते आणि माझ्याकडे २१,००० शिल्लक. समोरच्याकडे माझ्याहून जास्त. राजा, सत्ती, दुर्री उघडली, तिन्ही वेगळ्या रंगांची. माझ्या हातात सत्तीची जोडी होती, म्हणजे तीन सत्त्या झाल्या. तो पळू नये म्हणून मी २,००० लावले. त्याने कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले, पॉट १०,०००. टर्नला, म्हणजे चौथं पान उघडल्यावर, ३,००० लावले, पुन्हा कॉल, पॉट १६,०००. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पानावर, माझ्याकडे १६,००० उरले होते. आता सगळं लावायचं तर पूर्ण पॉटएवढी पैज एका दमात मागावी लागणार होती. मी ती लावली. त्याने बराच विचार केला, राजा-गुलाम उलटा करून दाखवला आणि पानं टाकली.

हाच डाव मी नंतर कितीतरी वेळा वहीत मांडला. पहिल्यांदा ३,००० लावले असते तर पॉट १२,००० झाला असता. मग ६,०००, पॉट २४,०००. मग १२,०००. तीन, सहा आणि बारा मिळून बरोबर एकवीस हजार! तिन्ही वेळा पैज अर्ध्या पॉटची, म्हणजे कॉल करायला त्याला दर वेळी २५ टक्के जिंकण्याची आशा पुरली असती. मी मात्र आधी २० टक्क्यांच्या आसपास स्वस्तात सोडलं आणि शेवटी एकदम ३३ टक्के मागितले. राजाची एक जोडी घेऊन त्याने शेवटचे १२,००० दिलेच असते असं म्हणत नाही. पण फ्लॉपवर आकडा ठरवताना रिव्हरचा आकडा माझ्या डोक्यात नव्हता, ही चूक माझीच. आता पहिली पैज लावायच्या आधी पॉट किती आणि मागे किती, हे मनात मोजल्याशिवाय माझा हात चिप्सकडे जात नाही.

चिप्स कमी उरल्या की गणित सोपं होतं, पण लोक तिथेच सर्वांत जास्त चुकतात. वरचेच ब्लाइंड धरा आणि तुमच्याकडे फक्त ९,००० आहेत. तुम्ही ३,००० लावले आणि मागून कुणी ऑल-इन गेला, म्हणजे त्याने सगळ्या चिप्स लावल्या, तर उरलेले ६,००० घालून एकूण २०,५०० मिळायची संधी असते. जेमतेम २९ टक्के आशा पुरते, म्हणजे जवळजवळ कुठलीही पानं टाकणं परवडत नाही. मग ते ३,००० लावून काय साधलं? अशा वेळी सगळं लावावं, नाहीतर पानं टाकावीत.

आणि बक्षिसाच्या जवळ आल्यावर चिप्सची किंमतच बदलते, त्याचा तर लेखात उल्लेखही नाही. मेसन माल्मुथ यांनी १९८७ मध्ये मांडलेलं हे गणित, म्हणजे चिप्सवरून बक्षिसातला हिस्सा काढायची रीत, खेळाडू 'आयसीएम' म्हणून ओळखतात. तिघं उरले आहेत, चिप्स सारख्या, बक्षिसं ५०, ३० आणि २० वाट्यांची. प्रत्येकाचा हिस्सा ३३.३. तुम्ही एकाला बाहेर काढून चिप्स दुप्पट केल्यात, तर हिस्सा ४३.३ होतो, दुप्पट नाही. हरलात तर हाती २०. मिळायचे १०, जायचे १३.३! ५७ टक्क्यांहून कमी आशेवर सगळं पणाला लावणं तिथे तोट्याचं. म्हणूनच अशा टप्प्यावर मी पॉटच्या चौथ्या किंवा तिसऱ्या हिश्शाएवढीच पैज लावते. समोरच्याला बाहेर पडायची धास्ती असते, त्यामुळे लहान पैजही मोठीचं काम करते.

संपादक महोदय, बुद्धिबळाचा डाव छापताना आपण एकेक खेळी देता, म्हणून वाचकाला तो घरी मांडून बघता येतो. पोकरच्या डावाबद्दल मात्र कुणाकडे कोणती पानं होती एवढंच येतं. पुढच्या वेळी ब्लाइंड किती, प्रत्येकापुढे चिप्स किती आणि दर पैजेच्या वेळी पॉट किती, हे तीन आकडेही छापावेत, एवढीच विनंती. चौकटीला चार ओळी जास्त लागतील.

आपली,
एक नियमित वाचक