चाळीतला कांदा आणि इथला तांदूळ

सैतामा, जपान
15 जून 2025

ती. अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आधी आईच्या काळजीचं उत्तर देते, म्हणजे ती पुढचं शांतपणे ऐकेल. आई, मला इथे भात मिळतो आणि पोटभर मिळतो. तू टीव्हीवर पाहिलेल्या रिकाम्या फळ्या खऱ्या आहेत, पण त्या एका तासाच्या असतात, नंतर माल येतो. मी वाळलेली नाही, फोनचा कॅमेरा तसा दाखवतो. आणि जुलैत मोठा भूकंप होणार ही निव्वळ अफवा आहे. परवाच इथल्या हवामान खात्याच्या प्रमुखांनी स्वतः सांगितलं की भूकंपाची तारीख आधी सांगणं कोणाला शक्य नाही. तरी लोक घाबरतातच. हाँगकाँगच्या एका विमान कंपनीने प्रवासी घटले म्हणून जपानच्या फेऱ्या कमी केल्या. जे घडलंच नाही त्याचंही नुकसान कोणीतरी सोसतंय.

तांदळाचं निम्मं प्रकरणही असंच आहे. अण्णा, तुम्ही विचारलंत, एवढा श्रीमंत देश आणि तांदळाला रांगा कशा? 2023 चा उन्हाळा इथे फार कडक गेला. पीक उभं होतं, पण दाणे पांढरे पडले आणि गिरणीत तुटले, त्यामुळे खाण्याजोगा तांदूळ कमी निघाला. गेल्या ऑगस्टमध्ये दक्षिणेला भूकंप झाला, सरकारने आणखी मोठ्या भूकंपाबद्दल सावध राहायला सांगितलं आणि घरोघरी लोकांनी एक-एक पिशवी जास्तीची भरली. फळ्या रिकाम्या झाल्या. नवं पीक आलं की भाव उतरेल असं सरकार म्हणत राहिलं आणि तो उतरला नाही. मे महिन्यात 5 किलोचा सरासरी भाव 4285 येनवर गेला, म्हणजे आपल्या हिशेबाने किलोला 500 रुपये, वर्षापूर्वीच्या दुप्पट.

तूट थोडी आणि भाव दुप्पट, हे तुम्हाला खटकलं असेल. इंग्लंडमध्ये 1699 साली छापलेला एक हिशेब ग्रेगरी किंगच्या नावाने ओळखला जातो. धान्य दहा टक्के कमी पिकलं तर भाव तीस टक्के चढतो, वीस टक्के कमी पिकलं तर ऐंशी. आकडे जुने आहेत, पण सूत्र टिकून आहे: ज्याच्यावाचून माणसाचं चालत नाही, त्याची थोडी तूट भाव फार चढवते. उलट बाजूने हे तुम्ही दरवर्षी बघताच. लासलगावला कांद्याची आवक थोडी वाढली की भाव आवकेपेक्षा कितीतरी जास्त पडतो.

आता इथली एक रीत सांगते, आईला पटणार नाही. आपल्याकडे जुना तांदूळ म्हणजे मान. मोकळा शिजतो, म्हणून आपण त्याला चार पैसे जास्त देतो. इथे अगदी उलट. यांना नवा, ओलसर, एकमेकांना चिकटणारा भात हवा. शरद ऋतूत नवं पीक आलं की दुकानात तशी पाटी लागते, लोक आवर्जून तोच घेतात आणि गेल्या सालचा तांदूळ लगेच स्वस्त होतो. सुटा, लांब दाण्याचा भात यांना शिळ्यासारखा वाटतो. 1993 साली थंडीने पीक चौथ्या हिश्शाहून जास्त बुडालं, तेव्हा थायलंडहून तांदूळ आणावा लागला. चांगला तांदूळ होता, पण लोकांनी तो नाइलाजाने घेतला आणि पुष्कळसा पडून राहिला. बाहेरून खासगीरीत्या आणायचा तर किलोला 341 येन कर आहे. सरकारचं दार बंद आणि लोकांच्या जिभेचंही, म्हणून इथे भाव चढला तरी माणूस सहजासहजी दुसरीकडे वळत नाही. गिऱ्हाईक जिथे वळू शकत नाही तिथे भावाला लगाम राहत नाही.

1993 च्या त्या वर्षानंतर सरकार दहा लाख टनांच्या आसपास साठा ठेवू लागलं. तो या मार्चमध्ये बाहेर काढला, पण लिलावाने. जो जास्त बोली लावेल त्याला माल द्यायचा आणि त्यातून भाव उतरेल अशी आशा करायची. बहुतेक माल शेतकऱ्यांच्या मोठ्या सहकारी संघाने उचलला आणि तो दुकानापर्यंत यायला फार वेळ लागला. वर अट अशी की तेवढाच तांदूळ पुढे सरकारला परत विकायचा. म्हणजे हा उसना माल होता आणि व्यापाऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं, मग भाव कसा पडणार? त्यातच शेतीमंत्री म्हणाले की मी तांदूळ कधी विकत घेतलाच नाही, समर्थक आणून देतात. त्यांचं पद गेलं. नव्या मंत्र्यांनी लिलाव बंद करून ठरलेल्या भावाने थेट दुकानदारांना माल दिला आणि 5 किलो 2000 येनच्या आसपास विकायला सांगितला. आमच्या स्टेशनजवळच्या दुकानापुढे भल्या पहाटे म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती. दारावर पाटी, एका घराला एक पिशवी. पिशवीवर पिकाचं साल ठळक छापलेलं, 2022. मी पण एक घेतली. आई, तुला तो तांदूळ फार आवडला असता.

पुढच्या महिन्यात इथे वरिष्ठ सभागृहाची निवडणूक आहे, म्हणून ही घाई. पण माझ्या मनात कांदा घोळतोय. इथे सरकारने फार उशीर केला आणि गिऱ्हाईक भरडलं गेलं. आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये एका रात्रीत निर्यातबंदी आली आणि शेतकरी भरडला गेला. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण टनाला 550 डॉलरची किमान किंमत आणि 40 टक्के शुल्क लावून. ते पुढे 20 वर आलं आणि या 1 एप्रिलला पूर्ण गेलं. तुम्ही म्हणालात, शुल्क गेलं तरी भाव क्विंटलला दोन हजारांच्या वर का येत नाही? कारण बंदीच्या काळात बाहेरच्या गिऱ्हाइकांनी दुसरे देश धरले, आणि एकदा बसलेली घडी शुल्क काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मोडत नाही. मला या सगळ्या बातम्यांत एकच गोष्ट शोधाविशी वाटते: थांबायची ताकद कोणाकडे नाही? भार शेवटी त्याच्याच अंगावर येतो. इथे ती रांगेतली म्हातारी माणसं, आपल्याकडे ज्याची कांदा साठवायची चाळ गळते तो.

म्हणून कळकळीने सांगते, मे महिन्यातल्या पावसाने भिजलेला कांदा चाळीत ठेवू नका. तो निवडून आत्ताच काढा, मिळेल त्या भावाला. कोरडा, पत्तीचा चांगला माल ठेवा, पण सगळा एका दिवशी विकायची वाट बघू नका, तीन-चार हप्त्यांत काढा. भाव चढला तर थोडा फायदा हुकेल, पण पडला तर सगळं एकदम जाणार नाही.

दादाला सांगा, 6 जूनला रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, अर्ध्या टक्क्याने उतरवून 5.5 टक्के केला. त्याचं घरकर्ज रेपोला जोडलेलं असेल तर व्याज कमी व्हायला हवं. बँकेत जाऊन विचारायचं, आणि हप्ता कमी करून घ्यायचा नाही, तेवढाच ठेवून मुदत कमी करायची.

पैसे काल पाठवले. 2020 साली शंभर येनला सत्तरच्या आसपास रुपये मिळायचे, गेल्या जुलैत ते बावन्नवर आले होते, आता साठच्या जवळ आहेत. इथे व्याज कितीतरी वर्षं जवळजवळ शून्य होतं, म्हणून लोक येन उसने घेऊन बाहेर गुंतवायचे आणि येन पडायचा. आता व्याज अर्ध्या टक्क्यावर आलंय, येन थोडा सावरलाय. अण्णा, या पैशांतून आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून घ्या. चाळीचे पत्रे मी दिवाळीत बघते. ऑपरेशनच्या वेळी मी तिथे नसेन, हे मला रोज टोचतं. सुट्टी मागितली तर मिळेल, पण तिकिटाच्या पैशांत पत्र्यांचं काम होतं, असा हिशेब मी मांडत बसते आणि मग तुमचा फोन आला की घाईघाईने हसते.

आत्याने आणलेल्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, आई. पत्रिका द्या, फोटोही द्या, पण गुलाबी साडीतला नको. मुलाशी मी आधी स्वतः बोलेन. माझा इथला करार 2027 पर्यंत आहे आणि लग्नानंतरही घरी पैसे पाठवणार आहे, या दोन्ही गोष्टी त्याला माझ्याच तोंडून कळू देत. आत्याला वाईट वाटणार नाही असं तूच तिला समजाव. बघायचा कार्यक्रम दिवाळीत ठेवलात तरी चालेल, मी सुट्टीचा अर्ज टाकते.

ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा, रात्री कितीही उशीर झाला तरी.

तुमची लेक