ज्या गल्लीतलं कुत्रं, त्याच गल्लीत सोडा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

कुत्री उचला आणि लांब नेऊन सोडा, असं पत्र परवा छापून आलं ते वाचून राहवलं नाही. मी लोकमान्य नगरात राहतो, रात्री झोप कमी, त्यामुळे गॅलरीत बसून कुत्र्यांचं राजकारण बघणं हाच टाइमपास. आमच्या गल्लीतली चार, मागच्या गल्लीतली तीन, मधलं कडुलिंबाचं झाड ही बॉर्डर. आधी रोज राडा व्हायचा, मग हळूहळू दोन्ही पार्ट्या झाडापाशी यायच्या, वास घ्यायच्या, एकदा गुरगुरून आपापल्या घरी, कारण समोर कोण आहे ते आता ठाऊक.

नात झूलॉजी शिकते, ती म्हणाली आबा, पक्ष्यांमधल्या अशा शेजाऱ्यांना जेम्स फिशर या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १९५४ सालीच ‘डिअर एनिमी’ म्हटलंय. कॅनडात ब्रूस फॉल्स यांनी तर एका जातीच्या चिमण्यांना शेजाऱ्याचंच गाणं टेपवर ऐकवलं. नेहमीच्या हद्दीकडून वाजवलं तर चिमणा फारसं मनावर घेत नाही, आणि तेच गाणं उलट्या बाजूने वाजवलं की परका घुसल्यासारखा चवताळतो, म्हणजे बघा, नुसता आवाज नाही, शेजाऱ्याचा पत्ता पण पाठ! साधा हिशोब आहे, शेजाऱ्याकडे त्याची जागा आहेच, परक्याला मात्र जागा हवीये, मग रोज शेजाऱ्याशी भांडून दम कशाला घालवायचा? सगळे असे नसतात हां, युगांडातली पट्टेरी मुंगसं परक्यांपेक्षा शेजारच्या टोळीवरच जास्त भडकतात, बांधावरची भाऊबंदकी तिकडेही आहे म्हणायची.

तर मुद्दा असा, मध्यंतरी गाडी येऊन आमच्यातली दोन घेऊन गेली, ती परत आलीच नाहीत, आणि आठवड्याभरात मोकळ्या जागेत कुठली कुठली चार नवी हजर. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी केंद्र सरकारने केलेल्या २००१ च्या जुन्या आणि २०२३ च्या नव्या, दोन्ही नियमांत नसबंदी आणि लस झाली की कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं असं लिहिलंय. पिसाळलेल्याची गोष्ट वेगळी, शाळा-हॉस्पिटलांच्या आवारासाठी पण सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये वेगळा आदेश दिलाय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गल्लीतली जुनी कुत्री निदान गल्लीत तरी परत आणा की.

सध्या कडुलिंबाखाली रोज रात्री दोन वाजता नव्यांची ओळखपरेड चालू आहे, आणि जी काही थोडी झोप लागायची तीही गेली.

आपला,
एक जागा वाचक, इंदूर