वार्नाच्या मावशींना, राहून गेलेले आभार

प्रिय मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहिलं. छातीवरच्या बिल्ल्यावर होतं, पण तुमची लिपी मला वाचता येत नाही आणि माझी तुम्हाला येत नसणार. तरी मराठीतच लिहितोय. हे मला दुसऱ्या भाषेत नीट सांगता येणार नाही.

मी तो, जो दारातूनच परत निघाला होता. आठवलं? आमचं जहाज बल्गेरियात, तुमच्या वार्नाच्या गोदीत डागडुजीला लागलं होतं. सुट्टी मिळाली तशी बाकीची मंडळी पुळणीवर पळाली. वार्नाला जग त्यासाठीच येतं म्हणा. मला समुद्राचं कौतुक उरलेलं नाही, वर्षातले आठ-नऊ महिने तोच समोर असतो. म्हणून तुमच्या संग्रहालयाच्या त्या दगडी इमारतीत शिरलो. ती पूर्वी मुलींची शाळा होती, हे नंतर कळलं. खरं कारण सांगू? बाहेर ऊन फार होतं.

‘चालू आहे का?’ असं हातानेच विचारलं. तुम्ही मान आडवी हलवलीत. मी वळलो. फाटकापाशी मागून पावलं वाजली आणि तुम्ही दंडाला धरून मला आत आणलंत. तुमच्याकडे आडवी मान म्हणजे ‘हो’, हा धडा तिथे मिळाला. आमचीही मान कुठल्याही दिशेला हलते, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

आतलं सोनं बघून मी आधी वजनाचा हिशेब केला. कोकणी माणूस, दुसरं काय सुचणार! तुमच्या गावच्या सगळ्या प्राचीन दफनभूमीतून निघालेल्या ३००० हून जास्त वस्तू, मिळून सहा किलोच्या आसपास. त्यातलं दीड किलो एकट्या ४३ क्रमांकाच्या थडग्यातल्या पुरुषाच्या अंगावर. आणि हे साडेसहा हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे आपण शाळेत शिकलो त्या हडप्पाच्या नगरांच्याही दोन हजार वर्षं आधीचं. १९७२ साली केबलसाठी चर खणताना रायचो मारिनोव नावाच्या यंत्रचालकाला ते सापडलं, तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता. मला लगेच आमचं नगर जिल्ह्यातलं दायमाबाद आठवलं. तिथे १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना झुडपाचं मूळ खणताना कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. मोठे शोध असे कुदळवाल्याच्या पायाशी येतात आणि पाटीवर नाव मात्र बहुतेकदा साहेबाचं लागतं.

सगळे ४३ क्रमांकाभोवती फोटो काढत उभे होते. तुम्ही मला तिथे फार वेळ रेंगाळू दिलं नाहीत. एका काचेपाशी नेऊन शिंपल्याचं कडं दाखवलंत: एजियन समुद्रातून आलेलं, मध्येच मोडलेलं आणि मोडल्या जागी सोन्याच्या पत्र्याने सांधलेलं. मग ती मातीची तोंडं. त्या थडग्यांत माणूसच नाही. कच्च्या मातीचा एक चेहरा, डोळ्यांच्या जागी सोन्याच्या दोन चकत्या, तोंडाच्या जागी सोन्याची पट्टी. बाकी दागिने, भांडी वगैरे माणूस असल्यासारखंच सगळं मांडलेलं.

‘माणूस कुठाय?’ मी विचारलं. तुम्हाला इंग्रजी चार शब्द येत होते, त्यातला एकही वापरला नाहीत. खिडकीकडे हात केलात आणि म्हणालात, ‘मोरे’. तो तुमच्याकडे समुद्राचा शब्द आहे, हे मला गोदीतल्या लोकांमुळे ठाऊक होतं. अभ्यासकांचं मत काय असेल ते असो, तुमचं मत तेवढ्या एका शब्दात मला समजलं.

मावशी, माझा धाकटा काका नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत गेला. आमचं घर हर्णै बंदरावर. मचवा सापडला, काका नाही. आजी दोन वर्षं वाट बघत राहिली. शेवटी भटजींनी पालाशविधी करायला लावला: पळसाच्या ३६० देठांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मी तेव्हा आठ वर्षांचा. लाकडांवर ठेवलेल्या त्या पानाकाडीच्या काकाची मला इतकी भीती वाटली की पुढे कित्येक वर्षं मी पळसाच्या झाडाखालून गेलो नाही.

तुमच्या काचेपुढे मी किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही. तुम्ही मागे खुर्ची आणून ठेवलीत आणि पुढच्या दालनातल्या कुणाला तरी हातानेच थोपवलंत, एवढं दिसलं. संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली तेव्हाही तुम्ही मला उठवलं नाहीत, आधी बाकीच्या दालनांचे दिवे मालवत आलात. त्या दिव्यांसाठी आणि त्या खुर्चीसाठी हे पत्र आहे. जाताना मी नुसता हात जोडून निघालो होतो.

रात्री गोदीतून आजीला फोन लावला. ती आता नव्वदीला टेकली आहे, कानाला कमी ऐकू येतं, सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. मातीचं तोंड, सोन्याचे डोळे, आत कुणी नाही. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन कटला.

मग तिने विचारलं, ‘मातीचं? त्यांच्याकडे नारळ होत नाहीत काय रे?’

तुमचा,
हर्णैचा खलाशी