प्रेमकथेत खेळ हवा, नुसती जर्सी नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी समलैंगिक क्रीडा-प्रेमकथांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. ‘बायका हे चोरून वाचतात’ असा शेरा मारून लेखकाने विषय मिटवला आहे. या कादंबऱ्यांत प्रणयप्रसंग सढळ हाताने लिहिलेले असतात आणि त्या अठरा वर्षांवरच्यांनीच वाचाव्यात, हे कबूल. पण तेवढ्यासाठी कोणी अख्खी कादंबरी वाचत बसत नाही. त्यातून बराच भाग आईस हॉकीचा, म्हणजे सांगली-मिरजेत ज्याचं मैदानसुद्धा नाही अशा खेळाचा! मग ओढ कशाची?

आमच्या मते, वेळापत्रकाची. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. मोसम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, आणि प्रत्येकी ऐंशीहून जास्त सामने. एकाच विभागातले दोन संघ मोसमात तीन-चार वेळा भिडतात. दुसऱ्या टोकाकडचे फक्त दोनदा, एकदा इथे आणि एकदा तिथे. आता अशा दोन संघांचे कप्तान एकमेकांच्या प्रेमात पडले, तर ताटातूट घडवायला लेखकाला हरवलेलं पत्र लागत नाही की कारस्थानी मामा. पुढची भेट कधी, ते मोसम सुरू होण्याआधीच छापून आलेलं असतं. त्यात एक दुखापत, एक संघबदल घातला की सगळं गणित विस्कटतं. वाचक पानं उलटतो ती जानेवारीतल्या सामन्यासाठी.

दुसरं कारण नियमांत आहे. आईस हॉकीत अंगावर जाणं हा खेळाचाच भाग आहे. साध्या चुकीला दोन मिनिटं बाहेर, हाणामारीला पाच. दोघे मारामारी करून एकाच वेळी बाहेर गेले, की शेजारशेजारच्या दोन कठड्यांत बसतात, मध्ये फक्त गुणलेखकाची जागा. हजारो लोकांसमोर पाच मिनिटं गप्प, नाकातून रक्त, आणि नजर चुकवायला कुठे जागा नाही. प्रेमकथेला आणखी काय हवं? क्रिकेटवर अशी कादंबरी उभी राहणं अवघड; अकरा जण एकमेकांपासून लांब लांब उभे असतात.

बायकांना हे का आवडतं, याचं उत्तरही लेखात नाही. दोघंही कमावते, दोघांनाही दुखापती आणि दोघांचंही करिअर पस्तिशीच्या आसपास संपणारं. ‘लग्नानंतर नोकरी कोण सोडणार’ हा प्रश्न आधीच ठरलेल्या उत्तरासकट येत नाही. शिवाय शेवट गोड असणार, ही या प्रकाराची हमी असते. ती पूर्वी नव्हती. पॅट्रिशिया नेल वॉरन यांच्या १९७४च्या गाजलेल्या कादंबरीत धावपटू नायक ऑलिंपिकच्या शर्यतीत धावत असतानाच गोळीला बळी पडतो. आजची वाचक तसं पुस्तक भिरकावून देईल. पण लपवाछपवीची भीती काल्पनिक नाही. एनएचएल संघाशी करार असलेल्या खेळाडूने आपण समलैंगिक असल्याचं जाहीर करायला जुलै २०२१ उजाडला. तो ल्यूक प्रोकॉप.

यातली बरीच पुस्तकं फसतात, हेही सांगायला हवं. पहिल्या तीन प्रकरणांत सराव, घाम, बर्फ. नंतर खेळ गायब आणि उरतात दोन देखणे पुरुष, जे वकील असते तरी चाललं असतं. डोक्याला जबर मार बसलेल्या खेळाडूला उजेड आणि आवाज सोसत नाही, तरी नायक त्याच रात्री पार्टीत हजर. सगळ्यांत वाईट म्हणजे प्रशिक्षक आणि खेळाडू यांची जोडी. संघनिवड ज्याच्या हातात, त्याला होकार देणं हा मोकळा होकार नव्हे.

आपल्याकडे हा प्रकार मराठीत लिहायचा तर कबड्डीच घ्यावी. कोपऱ्यातला गडी आणि त्याच्या शेजारचा, चढाई सुरू झाली की हात धरून साखळी करतात. समोरच्याने दिशा बदलली, तर एकाच्या हाताच्या ओढीवरून दुसऱ्याला कळतं. पकडीला झेपावताना हात नेमका कधी सोडायचा, हे वर्षानुवर्षांच्या सरावानेच जमतं. उशीर झाला की दोघंही बाद होऊ शकतात. गावच्या चौकात शेकडो लोकांसमोर दोन पुरुष एकमेकांचा हात धरून उभे असतात आणि कोणाच्या मनात वावगं येत नाही. ही सोय दुसऱ्या कुठल्या खेळात आहे?

मात्र नियम चुकवू नयेत. चढाई ३० सेकंदांची. बाद झालेले गडी बाद झाले त्याच क्रमाने परत येतात, आणि बोनस गुणावर कोणीही जिवंत होत नाही. नायकाला बोनसवर मैदानात आणलंत, तर आपल्या भागातला शाळकरी पोरगाही पुस्तक मिटेल. मुक्कामाचं जुळवून आणायला नको. परदेशी कादंबऱ्यांत दोघांना एका खोलीत टाकायला हॉटेलच्या आरक्षणात घोळ घालावा लागतो. इथे जिल्ह्याच्या स्पर्धेला शाळेच्या वर्गात किंवा मंगल कार्यालयात गाद्यांची रांगच असते.

कुस्तीही चालेल, पण ती जास्त कठीण. ‘लंगोटाचा पक्का’ असणं ही तालमीत पैलवानाची पहिली अट. तिथे प्रेमात पडणं हाच गुन्हा, मग ते कोणाच्याही. वजन मोजण्याआधीची रात्र तेवढी लेखकाने सोडू नये. उपाशी, तहानलेला, चिडलेला माणूस आणि त्याच्याजवळ जागा राहिलेला जोडीदार. शंभर ग्रॅमने काय होतं ते २०२४च्या पॅरिसमध्ये विनेश फोगाटच्या वेळी सगळ्यांनी पाहिलं.

गोड शेवट मात्र परदेशातून उचलता येणार नाही. ६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने प्रौढांमधले समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता दिली नाही. तेव्हा मांडव नाही. इथला धोकाही जाहिरातींचे करार जाण्याचा नाही. तो खेळाडू कोट्यातल्या नोकरीवरच्या कुजबुजीचा, भाड्याच्या घराचा आणि दर दिवाळीला येणाऱ्या स्थळांचा. दोघे एकाच खात्याच्या संघात, एकाच क्वार्टरमध्ये, आणि घरच्यांपैकी निदान एका बहिणीला सगळं ठाऊक, एवढा शेवट इथे पुरेसा गोड ठरेल.

पुरवणीत यातल्या एका तरी कादंबरीचं पूर्ण वाचून परीक्षण छापावं, ही विनंती. परीक्षक कधीतरी पंच म्हणून मैदानावर उभा राहिलेला असेल, तर फारच उत्तम.

आपल्या,
दोन वाचक, विश्रामबाग, सांगली
(नावं प्रसिद्ध करू नयेत)