कौलारू घरांचे नियम लिहून ठेवा

महोदय,

गणपतीला कोकणात जाणारे आम्ही मुंबईकर जांभ्याचे कौलारू घर पाडून स्लॅबचे बांधतो, कारण जुन्याची डागडुजी कशी करावी हे सांगणारे जाणकार विरळ झाले आहेत. जॉर्ज स्टाइनी व जेम्स गिप्स यांनी १९७१ मध्ये मांडलेली आकार-व्याकरणाची पद्धत, म्हणजे आकार कसे जोडावेत व बदलावेत याचे नियम लिहून त्यांतून रचना घडवण्याची रीत, येथे उपयोगी पडावी. खळे, पडवी, ओटी, माजघर हा क्रम नियमांत बांधला, की न्हाणीघर आत घेताना किंवा पडवी वाढवताना काय चालेल, हे आधीच तपासता येते. वासे त्याच उतारात लांबवले, की वळचण खाली येते आणि उंच पाहुण्याचा कपाळमोक्ष ठरलेला! मुंबईच्या वास्तुकला महाविद्यालयांनी अशी घरे विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावीत, मात्र नियम गावच्या सुतार-गवंड्यांसोबत बसूनच लिहावेत.

– एक वाचक, दादर, मुंबई