मधली तेरा वर्षं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

‘दक्षिण आफ्रिकेतल्या मॅरित्झबर्गच्या स्टेशनावर त्या रात्री सत्याग्रह जन्मला’ असं तू लिहिलंस. मला ते पटत नाही. ७ जून १८९३ ला पहिल्या वर्गाचं तिकीट खिशात असताना गांधींना डब्यातून उतरवलं, हे खरंच. ओव्हरकोट सामानात आणि सामान रेल्वेच्या ताब्यात. मागायला जावं तर पुन्हा अपमान व्हायचा, म्हणून ते कुडकुडत बसून राहिले. पण उजाडल्यावर केलं काय, तर जनरल मॅनेजरला लांबलचक तार! हिंदी (म्हणजे भारतीय) लोकांच्या सक्तीच्या नोंदणीचा कायदा न पाळण्याची शपथ जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात झाली ती ११ सप्टेंबर १९०६ ला. मधे तेरा वर्षं गेली.

त्यातली बरीचशी कारकुनीत गेली म्हण. १८९४ ला नाताळ या तिथल्या ब्रिटिश वसाहतीतल्या हिंदी लोकांचा मताधिकार काढायचं विधेयक आलं, तेव्हा ब्रिटनचे वसाहतमंत्री लॉर्ड रिपन यांच्याकडे धाडायच्या अर्जावर पंधरवड्यात दहा हजार सह्या जमल्या. मजकूर नीट समजल्याशिवाय कुणाची सही घ्यायची नाही, असा दंडक होता. गांधींनी उभारलेल्या नाताळ इंडियन काँग्रेसची वर्गणी महिना किमान पाच शिलिंग, आणि पै-पैचा हिशेब. याच काळात डर्बनच्या पोस्टात हिंदी लोकांना आफ्रिकनांच्या दारातून जावं लागतं, अशीही तक्रार झाली, आणि मिळालं काय तर हिंदी लोकांसाठी वेगळं, तिसरं दार. स्वतः अपमान सोसला म्हणून दुसऱ्याचा दिसतोच असं नाही.

ज्याविरुद्ध शपथ झाली तो ‘काळा कायदा’ १९०७ ला ट्रान्सवालमध्ये (जोहान्सबर्ग तिथलंच) आला तेव्हा ही शिस्त कामी आली. दहा बोटांचे ठसे देऊन नोंदणी करा, असा हुकूम होता. परवाना कचेऱ्यांबाहेर स्वयंसेवक उभे राहिले. आत जाणाऱ्याशी उद्धटपणे वागायचं नाही. नाव विचारायचं, सांगितलं नाही तर हट्ट धरायचा नाही. कायद्याचे तोटे सांगणारं छापील पत्रक हातात द्यायचं. पोलिसांनी मारलं तर सोसायचं, पकडलं तर मुकाट जायचं. तरी काही जण गुपचूप धमक्या द्यायचेच. पुढाऱ्यांनी त्याचा निषेध केला, धमक्या थांबल्याही, पण लोकांच्या मनातली भीती लगेच गेली नाही.

सगळ्यात मोठी ठेच मात्र समेटातच लागली. जानेवारी १९०८ मध्ये ट्रान्सवाल सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली: नोंदणी आपखुशीने करा. ज्या ठशांविरुद्ध लोक तुरुंगात गेले, तेच आता स्वतःहून द्यायचे! सगळ्यांना हे उमगायला वेळ कुठे मिळाला होता? १० फेब्रुवारीला गांधी नोंदणीला निघाले आणि मीर आलम नावाच्या पठाणाने वाटेतच त्यांना झोडपलं. गांधींनी त्याच्यावर खटला नको म्हणून सांगितलं. पुढे गांधींच्या अपेक्षेप्रमाणे कायदा रद्द होईना, तेव्हा १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या आवारात नोंदणीचे दोन हजारांवर दाखले कढईत टाकून जाळले.

हिंदी मजुरांचा १९१३ चा मोर्चा पुढच्या पत्रात. तोवर एवढंच लक्षात ठेव: २०३७ पुरुष, १२७ बायका, ५७ मुलं, आणि माणशी रोजचा शिधा दीड पौंड पाव आणि एक औंस साखर.

तुझा मित्र