आवाज न करता इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करण्याविषयी

पुणे, रविवार

प्रिय समीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ, आणि तुला गिटार हातात घ्यायला वेळ मिळतो रात्री दहानंतर. म्हणजे व्हॉल्व्हवर (काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांवर) चालणारा अ‍ॅम्प मोकळा सोडून वाजवणं आता शक्य नाही. पण त्यासाठी रेकॉर्डिंग थांबवू नकोस. गिटार थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये (गिटारचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीत) घालून आज जो आवाज मिळतो तो खरोखर ऐकण्यासारखा असतो. बहुतेकांचा तो बिघडतो दोन-तीन ठरावीक जागी, म्हणून त्याच जागांबद्दल सविस्तर लिहितो.

पहिली जागा म्हणजे जॅक कुठे खुपसतोस ती. गिटारच्या तारांखालच्या पिकअपच्या (तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागाच्या) आत बारीक तारेचे हजारो वेढे असतात आणि त्यातून निघणारा सिग्नल नाजूक असतो. तो लाइन इनपुटला (कीबोर्डसारख्या जोरदार सिग्नलसाठीच्या जागी) दिलास, ज्याचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण १० किलोओहम असतो, तर ट्रेबल जवळपास मरतो. गिटारवर घोंगडी टाकल्यासारखा आवाज येतो आणि माणूस उगाच पिकअपला दोष देतो. इंटरफेसवर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' लिहिलेलं बटण असतं ते दाब. तिथे इम्पिडन्स १ मेगाओहमच्या आसपास असतो आणि तारेची चमक शाबूत राहते. केबल तीन मीटरची पुरे. केबल जितकी लांब तितकी तिची कपॅसिटन्स (वीज साठवून धरण्याची क्षमता) जास्त, आणि वरचे सूर तितके गळतात.

मग लेव्हल. ब्रिज पिकअप (तारांच्या बांधलेल्या टोकाजवळचा) निवड, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघड आणि सहाही तारांवर ई कॉर्ड जितक्या जोराने वाजवशील तितक्या जोराने वाजव. मीटरची शिखरं उणे १२ डीबीच्या आसपास यायला हवीत. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये असल्यामुळे आणखी वर ढकलायची गरजच नाही. लाल दिवा एकदा जरी लुकलुकला तरी तो टेक बाद समज, कारण ती डिजिटल फाटाफाट नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. इंटरफेसचा गेन (सिग्नल वाढवणारा नॉब) शून्यावर असूनही हंबकर (दोन गुंडाळ्यांचा, जोरदार पिकअप) लाल जात असेल तर पिकअपचे स्क्रू फिरवून तो तारांपासून दोन-एक मिलिमीटर खाली घे. एकदा नॉब जमला की तिथे चिकटपट्टीची खूण कर आणि हलवू नकोस. सॉफ्टवेअरमधला अ‍ॅम्प किती फाटणार हे आत येणाऱ्या लेव्हलवरच ठरतं, त्यामुळे नॉब हलला की कालचा टोन आज सापडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तू लिहिलंस की आवाज डबीत कोंडलेल्या माशीसारखा येतो. ते कॅबिनेट (स्पीकर बसवलेली पेटी) नसल्याचं लक्षण आहे. गिटारचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गिळून टाकतो. डिस्टॉर्शनमधून (मुद्दाम फाडलेल्या आवाजातून) निघणारी सगळी खर्रखर्र नेमकी तिथेच असते. स्पीकर मध्ये नसला की ती थेट कानात शिरते. म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगइननंतर (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये बसणाऱ्या छोट्या प्रोग्रामनंतर) इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर, लावावाच लागतो. एखादा ठरावीक स्पीकर ठरावीक जागी ठेवलेल्या माइकमधून कसा ऐकू येतो, त्याचा ठसा त्या छोट्याशा वेव्ह फाइलमध्ये असतो. सेलेस्टियन कंपनी स्वतः आपल्या स्पीकरचे आयआर विकते, आणि फुकट मिळणारेही पुष्कळ चांगले आहेत. पण शंभर आयआर भरून ठेवू नकोस, त्यात रात्र जाते. व्हिंटेज ३० स्पीकर आणि एसएम५७ माइक अशा जोडीचे तीन आयआर घे: माइक कोनच्या मध्यावर, थोडा बाजूला आणि कडेला. मध्यावरचा सर्वांत टोचरा, कडेचा सर्वांत मऊ. टोन बदलायचा तर आधी हे तीन बदलून बघ, इक्वलायझर नंतर.

अ‍ॅम्पसाठी पैसे खर्च करू नकोस. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर (अ‍ॅम्पचं काम करणारं प्लगइन) फुकट आहे, मुक्त-स्रोत आहे आणि फार चांगला आहे. खऱ्या अ‍ॅम्पची कॅप्चर फाइल (त्याच्या आवाजाची नक्कल) त्यात भरायची. ती नुसत्या अ‍ॅम्पची आहे की कॅबिनेटसकट, एवढं मात्र तपास. कॅबिनेटसकट असेल तर आयआर बंद ठेव. एकावर एक दोन कॅबिनेट बसली की आवाज गादीखालून आल्यासारखा होतो. लॅपटॉप जुना असेल तर 'फेदर' किंवा 'नॅनो' प्रकारची कॅप्चर निवड, प्रोसेसरवर भार कमी पडतो.

उशिराने आवाज येण्याबद्दल विचारलंस. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एसिओ ड्रायव्हर (उशीर कमी ठेवणारा जोडणीचा प्रोग्राम) घाल. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद. आत-बाहेर मिळून एकूण ८ ते १० धर. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहिल्याइतकाच हा उशीर. हाताला त्याची सवय आहे. कडकड ऐकू आली तर बफर २५६ कर. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बंद ठेव, नाहीतर कोरडी (अ‍ॅम्प न लावलेली) गिटार आणि अ‍ॅम्पची गिटार दोन्ही एकदम ऐकू येतात. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर याच्या कितीतरी पट असतो, त्यावर वाजवणं जमणार नाही. वायरवालाच घे.

रेकॉर्ड मात्र कोरडाच सिग्नल कर, प्लगइन फक्त ऐकण्यापुरतं. मग महिन्याने अ‍ॅम्प बदलावासा वाटला तरी पुन्हा वाजवावं लागत नाही. रिदम दोनदा वाजव, एक टेक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवलास तर रुंदी येत नाही, मध्यभागी फक्त मोठा होतो. दोन टेक एकत्र आले की डिस्टॉर्शन आपोआप दाट वाटतं, म्हणून प्रत्येकावर गेन नेहमीपेक्षा कमी ठेव. ८० हर्ट्झच्या खालचं काप, ती जागा बेसची. आणि रात्री हळू आवाजात ठरवलेला टोन दिवसा एकदा मोठ्याने ऐक. हळू ऐकताना कानाला खालचे सूर कमी लागतात (फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं), त्यामुळे आपण नकळत बेस जास्त घालून बसतो.

तुझा व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच वापरायचा हट्ट असेल तर हे नीट वाच. त्याचं स्पीकर आउट कधीही इंटरफेसमध्ये घालू नकोस, इंटरफेस जळेल. आणि स्पीकर काढून अ‍ॅम्प चालू ठेवू नकोस, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. मध्ये लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी अ‍ॅम्पची शक्ती शोषणारी पेटी) हवा. अ‍ॅम्पच्या मागे ८ ओहम लिहिलं असेल तर ८ ओहमचाच, आणि अ‍ॅम्पची पूर्ण वॉट झेपणारा. त्याच्या लाइन आउटमधून इंटरफेसच्या लाइन इनपुटला जायचं. इथे मात्र ते इन्स्टचं बटण बंद.

राहिली गुणगुण. सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) पिकअप घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी पकडतो. खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू गोल फिर, एका दिशेला ती एकदम पडते. तिथेच तोंड करून वाजव. पंख्याचा रेग्युलेटर आणि लॅपटॉपचा चार्जर लांब ठेव, चार्जर काढूनही एकदा ऐकून बघ. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र वाजवणं तिथेच थांबव आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घे.

हे सगळं लावून झालं की मला एक कोरडी वेव्ह फाइल पाठव, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सुरुवातीला व्हॉल्यूम पूर्ण उघडून पाच सेकंद तारांना हात लावू नकोस, मग पाच सेकंद तळहात तारांवर नुसता ठेव, आणि मग वाजव. हात ठेवल्यावर गुणगुण कमी झाली तर गिटारच्या आतलं अर्थिंग ठीक आहे. वाढली किंवा तशीच राहिली तर पुढे कुठे शोधायचं ते त्या दहा सेकंदांवरून कळवतो.

तुझा,
अभय